सावरपाणीची एका बाजूची झाडे

सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या मुलखाच्या अगदी वरच्या टोकाला सावरपाणी नावाची वस्ती आहे. वस्तीपासून दक्षिणेला अर्ध्या मैलावर, मुरमाच्या टेकाडावर ल्यूथरन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचे जुने मंदिर, म्हणजे चर्च, आहे. वस्तीतून मंदिराकडे जाणारी पायवाट सरळ आहे आणि तिच्या कडेने करंजाची एकसष्ट झाडे उभी आहेत. ही सगळी झाडे पश्चिमेच्या बाजूला आहेत. पूर्वेची बाजू साफ मोकळी आहे, तिथे एक झुडूपसुद्धा नाही.

रविवारी दुपारी अडीचला, बाहेर चिटपाखरू नसते तेव्हा, या मंदिराची घंटा वाजते. मग वस्तीतून माणसे निघतात. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या असतो आणि सर्वांच्या पुढे एक बाई चालते. तिच्या हातात कंदील असतो, आणि तो भर दुपारी पेटवलेला असतो.

पाहुणे आले की तीन प्रश्न विचारतात. झाडे एकाच बाजूला का, उपासना अडीचला का, आणि उन्हात कंदील कशाला? मंडळीचे वयस्कर पंच मलाखीकाकाजी कुमरे यांना हे प्रश्न ऐकून ऐकून वीट आला आहे. "काहून म्हणजे? एका बाईचं डोकं फिरलं होतं म्हणून," असे ते आधी म्हणतात. मग मंदिराच्या पायरीवर टेकतात, पाहुण्यांना टेकायला सांगतात आणि सगळे पहिल्यापासून सांगतात. ते सांगतात ते असे.

देश स्वतंत्र व्हायला अजून अवकाश होता, तेव्हाची गोष्ट. सावरपाणीत स्वीडनहून आलेली टोरा नावाची मिसबाई दवाखाना चालवत असे. बाळंतपणे, ताप, विंचू, सगळ्याला तीच. तापाच्या साथीत आईबाप गेलेली तबीथा नावाची मुलगी तिने पदराखाली घेतली. बाईंना पदर नव्हता, पण लोक तसेच म्हणत. तबीथा तिच्या हाताखाली मलमपट्टी शिकली, वाचायला शिकली आणि पुढे मंदिराची घंटाही तीच वाजवू लागली.

वीस वर्षांनी मिसबाईला तिच्या गावच्या मंडळीने परत बोलावले. गावाचे नाव लिंडमोरा. दवाखान्याची औषधे आणि पट्ट्या त्याच मंडळीच्या बाया पाठवत. निघायच्या दिवशी सगळे मंदिरात जमले. मिसबाई म्हणाली, "आता आपली भेट होणार नाही. पण रविवारी आपण एकाच वेळी प्रभूपुढे उभे राहू. तुम्ही इथे, आम्ही तिथे." तबीथा तेव्हा वीस वर्षांची होती. तिने प्रभुभोजनाच्या मेजावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या वतीने सांगितले, "मी जिवंत असेपर्यंत ही वेळ चुकणार नाही."

बैलगाडी वळणाआड गेली. डोळे पुसून झाल्यावर कोणीतरी विचारले, "पण वेळ कोणती?"

ते विचारायचे राहून गेले होते.

शाळेच्या मास्तरांनी नकाशा काढला. लिंडमोरात उपासना सकाळी दहाला होते हे मिसबाईच्या बोलण्यातून सगळ्यांना ठाऊक होते. तिथले दहा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच, असे मास्तरांनी मोजून सांगितले. सावरपाणीची उपासना तोवर सकाळी नऊला होत असे. पण त्या लोकांनी आपल्यासाठी वीस वर्षे आपले माणूस दिले, मग त्यांची वेळ आपण धरू, यात कोणाला शंका वाटली नाही. त्या दिवशी सगळे एका मताने 'हो' म्हणाले. डिसेंबर महिना होता आणि हवा छान गार होती.

मार्चपासून मात्र सगळे कळू लागले. टेकाडाचा मुरूम तव्यासारखा तापे आणि बहुतेकांच्या पायांत वहाणा नसत. मंदिराच्या कुलपाला हात लावला की चटका बसे. मेजावरच्या मेणबत्त्या पहिल्या गीतालाच माना टाकत. मे महिन्यात पाळकबाबांचे प्रवचन सुरू झाले की पुरुषांच्या बाजूने घोरणे ऐकू येई आणि बायांच्या बाजूने लेकरांचे रडणे. शेजारच्या गावचा बाजारही रविवारी दुपारीच भरे. हळूहळू लोक म्हणू लागले की पुढच्या रविवारी येतो.

तबीथाबाई वैतागायची, पण घंटा अडीचलाच वाजवायची. दोर ओढताना दर वेळी तिच्या मनात येई की एक चिठ्ठी लिहावी: बाई, इथे जीव जातो आमचा. तिने एकदा तशी लिहिलीही. पंचांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. "उपकार करणाऱ्या माणसांना असं लिहितात का? त्यांना वाईट वाटेल." मग पत्र नेहमीसारखे गेले. आम्ही सर्व क्षेम आहोत, दर रविवारी तुमच्याबरोबर प्रार्थनेला उभे राहतो. लिंडमोराहून उत्तर येई. आम्हीही सर्व क्षेम आहोत, दर रविवारी तुमच्याबरोबर उभे राहतो. बारा वर्षांत अशी चाळीस-पन्नास पत्रे गेली-आली असतील, असे सांगतात. सगळ्यांत क्षेम होते.

लिहायची सोय नाही म्हटल्यावर तबीथाबाईने कुदळ उचलली. "ऊन हटवता येत नाही तर वाट तरी झाकू," असे म्हणून तिने वाटेच्या कडेला आंब्याची रोपे लावली. ती शेळ्यांनी खाल्ली. पुन्हा लावली, पुन्हा खाल्ली. मग तिने करंज लावले, कारण करंजाला शेळी तोंड लावत नाही. पाणी ओढ्यावरून आणावे लागे. एकटीला दोन्ही बाजूंना पुरे पडेना, तेव्हा तिने हिशेब केला. आपले भांडण अडीचच्या उन्हाशी आहे आणि ते ऊन पश्चिमेकडून येते. मग पूर्वेला झाड हवे कशाला? उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाने एक तांब्या पाणी आणून एका झाडाला घालायचे, असा दंडक तिने घातला. जो रिकाम्या हाताने येई, त्याच्याकडे ती अशी बघायची की पुढच्या वेळी तो दोन तांबे आणी.

मुरमात झाड वाढते ते रडतखडत. बारावे वर्ष उजाडले तरी सावली एवढीच होती की माणसांनी एकामागे एक, अंग चोरून चालावे. तोवर बेचाळीस घरांपैकी अकरा घरे उपासनेला येत होती. मग वरच्या सभेकडून, म्हणजे भागातल्या सगळ्या मंडळ्यांच्या कारभाऱ्यांकडून, कागद आला. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत पंधरा घरे भरली नाहीत तर सावरपाणीची मंडळी चार कोसांवरच्या मंडळीत सामील करावी, पाळक काढून घ्यावा आणि घंटा तिकडे न्यावी.

योनाथान कुमरे तेव्हा मुख्य पंच होता. तो मलाखीकाकाजींचा बाप. त्याने बैठकीत सरळ सांगितले, "पुनरुत्थानाच्या सणानंतर उपासना सकाळी नऊला. पहिल्यासारखी."

"मी शब्द दिलाय," तबीथाबाई म्हणाली.

"शब्द तू दिला, पाय आमचे भाजतात."

"झाडं येऊन राहिली ना आता."

"तबीथाबाई, ती झाडं मोठी होईस्तोवर मंडळीत फक्त झाडंच उरतील," योनाथान म्हणाला. लोक हसले. तबीथाबाई हसली नाही. ती म्हणाली, तुम्ही नऊला या, मी अडीचला एकटी उभी राहीन. घरी गेल्यावर मात्र तिला रडू आले म्हणतात, कारण योनाथान खोटे बोलत नव्हता हे तिला कळत होते. शब्द पाळला तर मंडळी जाणार होती, आणि मंडळी राखली तर शब्द.

त्याच सणाआधीच्या उपासकाळात, म्हणजे उपवासाच्या चाळीस दिवसांत, सावरपाणीला एक पाहुणा आला. पाळक एलियामानी हे त्याचे नाव. आफ्रिकेतल्या टांगानिकाच्या डोंगरात मारुम्बा नावाचे गाव आहे, तिथल्या ल्यूथरन मंडळीचा हा माणूस. लिंडमोराच्या मंडळीने त्यांच्याशीही नाते जोडले होते. एलियामानी दोन वर्षे लिंडमोरात राहून शिकला होता आणि आता बोटीने मुंबईला उतरून सावरपाणीचा दवाखाना बघायला आला होता, कारण त्याला मारुम्बात तसाच काढायचा होता. तो उंच होता, हळू बोलायचा आणि ज्वारीची भाकरी त्याला आवडली. त्याचे इंग्रजी बोलणे पाळकबाबा मराठीत सांगत.

पहिल्याच संध्याकाळी तबीथाबाईच्या घरी, पंचांसमोर, त्याने तिच्या हातात एक पुडके दिले. टोरा मिसबाईने पाठवले होते. आत एक हातकंदील होता. काच स्वच्छ पुसलेली, पण पत्र्याला जागोजागी पोचे आलेले.

"हा त्यांचा रोजचा आहे," एलियामानी म्हणाला. "म्हणजे, रविवारचा. तुमच्याबरोबर प्रार्थनेला जाताना त्या हा घेऊन जात."

तबीथाबाईला समजेना. "सकाळी दहाला कंदील कशाले लागते?"

पाळकबाबांनी विचारले. एलियामानी म्हणाला, "दहाला कसं? साडेचारला. तुमची उपासना सकाळी नऊला असते ना? तुमचे नऊ म्हणजे तिथले पहाटेचे साडेचार. मिसबाईंनी परत गेल्यावर तिथल्या लोकांना सांगितलं, ती शेतकरी माणसं आहेत, तिकडे ऊन फार, त्यांची वेळ आपण मोडायची नाही. आपण उठू. बारा वर्षं उठताहेत. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ असतो. मीसुद्धा दोन वर्षं गेलो, तुमच्यासाठी."

पाळकबाबांनी हे मराठीत सांगितले आणि सांगता सांगता त्यांचाच आवाज बारीक होत गेला. मग योनाथान हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, त्याला पाणी द्यावे लागले.

"म्हणजे आम्ही उन्हात मरत होतो, तुम्ही बर्फात," तबीथाबाई म्हणाली. "आणि बारा वर्षांत एका रविवारीसुद्धा आपण बरोबर नव्हतो."

एलियामानीलाही आता सगळे कळले. तोही वैतागला. "मी त्या थंडीत उभा राहून सावरपाणीच्या भावाबहिणींबरोबर म्हणून प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"झाडांना शेणखत घालत होतो," तबीथाबाई म्हणाली.

तिचा राग कंदिलावर निघाला. तिने तो मेजावर आपटूनच ठेवला. "सांगायले काय झालं होतं त्या बाईले? एक ओळ लिहायची. उठवत नाही म्हणायचं."

"तुम्ही लिहिली होती?" एलियामानीने विचारले.

तिने पंचांकडे पाहिले. पंच जमिनीकडे पाहत होते.

एलियामानी जाण्याआधी तिला आणखी एक गोष्ट कळली. तो ती सांगणार नव्हता, पण बाईची तब्येत कशी, असे तिने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा सांगावी लागली. दोन वर्षांपूर्वी मिसबाई पहाटेच्या वाटेवर बर्फावरून घसरली होती. मनगट मोडले होते. सावरपाणीला कळवायचे नाही, असे तिने सगळ्यांना बजावले होते. आता तिने सत्तरी ओलांडली होती आणि तिचा कंदील इथे तबीथाबाईच्या मेजावर होता.

त्याच आठवड्यात पत्र गेले. बाई, तुम्ही उठू नका, आम्ही अडीचला येतच आहोत, तुम्ही आपल्या दहाला या. तिकडून उत्तर आले. मुळीच नाही, तुम्ही आपल्या नऊला जा, उन्हात चालू नका, आम्हाला उठायची सवय आहे. इकडून पुन्हा गेले, आम्हालाही उन्हाची सवय आहे. तिकडून आले, तुमची सवय आमच्याने पाहवत नाही. असे वर्षभर चालले. दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या पाया पडत होती आणि कोणीच बाजूला सरकत नव्हते. निकाल लागेपर्यंत योनाथानने नऊची गोष्ट थांबवली होती, म्हणून ही मंडळी उन्हातच जात होती आणि ती अंधारातच. मारुम्बाहून एलियामानीने दोघांना एकच पत्र लिहिले: माझे दोन्हीकडचे भाऊबहीण इतके चांगले आहेत की मला आता त्यांचा कंटाळा आला आहे.

योनाथानला मात्र सुटका दिसत होती. "ती बाई स्वतः म्हणून राहिली, नऊला जा. तुझा शब्दही राहते, मंडळीही राहते. आता कशाले अडून बसली?"

"ती पुन्हा पडेल."

"तिची मर्जी आहे ती."

"माझी नाही," तबीथाबाई म्हणाली.

मे महिना लागला. मुदत संपायला महिना उरला होता आणि घरे बाराच होती. एका बुधवारी सकाळी तबीथाबाई योनाथानच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "काकाजी, वहाणा काढा आणि माझ्यासंगं चला. मंदिरापर्यंत जाऊन यायचं. आज दोनदा."

काय खूळ आहे ते एकदाचे संपवावे म्हणून योनाथान निघाला. नऊच्या सुमाराला ते मंदिरात गेले, उपासनेइतका वेळ बसले आणि अकराला परत निघाले. करंजांची सावली पश्चिमेला, दुसऱ्याच्या काटेरी शेतात पडली होती. वाट पूर्ण उघडी होती. जाताना त्याने सोसले, परतताना मात्र तो पाय उचलून उचलून चालू लागला आणि शेवटी नको नको म्हणत कडेच्या गवतावरून धावला.

अडीचला ती पुन्हा आली. योनाथानने शिव्या दिल्या, पण निघाला. आता सावली वाटेवर होती. आदल्या वर्षीपेक्षा रुंद झाली होती, दोघे शेजारी शेजारी चालू शकत होते. म्हणे त्या वर्षी करंजांना पंधरा दिवस आधीच नवी पालवी आली होती, दाट आणि चकचकीत. मलाखीकाकाजी इथे थांबतात आणि म्हणतात, "हे लिहून घेऊ नका. करंज उन्हाळ्यात हिरवाच असते." पण लोक तसे सांगतात खरे.

गरम हवा होतीच, पण पायाखाली मुरूम निवलेला होता. साडेचारला परततानाही सावली वाटेवरच होती, उलट लांब झाली होती. वस्तीजवळ आल्यावर योनाथान थांबला आणि मागे वळून ती रांग त्याने बराच वेळ पाहिली. आपणही पाच-सहाशे तांबे इथे ओतले असतील, असे त्याच्या मनात आले असावे.

"एकाच बाजूला लावली तू," तो म्हणाला. "आता काय करणार."

तेवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी जाऊन त्याने दौत मागितली आणि लिंडमोराला स्वतः पत्र लिहिले. त्या पत्राची नक्कल मंदिराच्या कपाटात आहे. त्यात क्षेम नाही. लिहिले आहे ते असे: "आमच्या वाटेची झाडे एकाच बाजूला आहेत. सकाळी नऊला त्यांची सावली दुसऱ्याच्या शेतात पडते. माझे पाय आज पोळले आहेत. झाडे उचलून दुसरीकडे लावता येत नाहीत. तेव्हा तुम्हाला झोपावेच लागेल."

पत्र टाकून तो घरोघर फिरला. ज्यांनी यायचे सोडले होते त्यांना त्याने आपले तळवे दाखवले आणि मग झाडे दाखवायला नेले. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या रविवारी उपासनेला एकवीस घरे होती. घंटा जागेवर राहिली.

मिसबाईचे उत्तर आले ते अगदी छोटे होते. "तुमच्या झाडांपुढे मी हरले. परवा रविवारी मी सात वाजेपर्यंत झोपले आणि फार बरे वाटले. हे बारा वर्षांपूर्वी लिहायला हवे होते. मनगट थंडीत दुखते, तेही लिहायला हवे होते."

तबीथाबाईने ते वाचले आणि मग ती हसली. कितीतरी वर्षांनी हसली, असे सांगतात. त्या रविवारी घंटेला जाताना तिने मिसबाईचा कंदील पेटवला आणि भर उन्हात हातात धरून चालत गेली. कोणीतरी चेष्टा केली, "मावशी, दिसत नाही का वाट?" ती म्हणाली, "मले दिसते. ती बारा वर्षं आमच्यासाठी याच्या उजेडात चालली, तेव्हा आम्हाले दिसलं नाही."

मारुम्बातही उपासना त्याच घडीला होऊ लागली. सावरपाणीचे अडीच म्हणजे तिथले बरोबर बारा. पुढे तिथे दवाखाना निघाला तेव्हा सावरपाणीच्या दोन मुली नर्स म्हणून गेल्या, आणि पट्ट्या लिंडमोराहून आल्या. मिसबाई गेली. मग तबीथाबाईही गेली. जाण्यापूर्वी तिने मंडळीकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. पत्रात आधी त्रास लिहायचा आणि क्षेम शेवटी.

तो नियम आजही आहे. आजही रविवारी अडीचला सावरपाणीची घंटा वाजते, पुढे पेटता कंदील चालतो आणि येणारा प्रत्येक माणूस एका करंजाला तांब्याभर पाणी घालतो. स्वीडनमध्ये आता उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. पहिल्या वर्षी तसे कळले तेव्हा सावरपाणीने उत्तर पाठवले की आमच्या झाडांना हे कोणी सांगितलेले नाही. तेव्हापासून लिंडमोराची मंडळी उन्हाळ्यात अकराला जमते. पूर्वेकडेही झाडे लावा, दिवसभर सावली राहील, असे दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी शहाणा पाहुणा सुचवतो. मलाखीकाकाजी त्याच्याकडे नुसते बघतात.

पत्रे आता फोनवर जातात. मागच्या आठवड्यात काकाजींनी पाहुण्यांना फोन उघडून दाखवला. लिंडमोराहून आले होते: मंदिराचे छत गळते आहे, म्हातारे फार झालो, तरुण कोणी येत नाही. मारुम्बाहून आले होते: दवाखान्याचा पंप बंद आहे, नवा पाळक लांबलचक बोलतो. सावरपाणीने लिहिले होते: सतरा नंबरच्या करंजाला वाळवी लागली आहे आणि मलाखीचा गुडघा उतरणीवर धरतो.

त्याखाली तिघांनीही एकच ओळ लिहिली होती. बाकी क्षेम. रविवारी भेटू.

मग काकाजी उठले, गुडघा चोळला आणि घड्याळ बघितले. सव्वादोन झाले होते. त्यांनी पाहुण्यांच्या हातात एकेक रिकामा तांब्या दिला आणि ओढ्याकडे बोट दाखवले.